साबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि मी घरातली वॉर्डन झालेय

झुळूक

साबांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज सहावा दिवस. ऑपरेशन मस्त झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा धडाधड वाचून दाखवल्या, डॉक्टर खूश, आम्ही खूश. खरी गंमत घरी आल्यावर सुरू झाली.

साबा म्हणजे उभं आयुष्य घर हाकलेली बाई. त्यांना कोणी 'बसून राहा' म्हटलेलं मी बारा वर्षांत ऐकलं नाही आणि आता तेच मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते. परवा बाथरूममधून भरलेली बादली उचलून आणताना पकडलं. काल पलंगाखाली पार डोकं घालून चप्पल शोधत होत्या. थेंबांच्या तीन बाटल्या आहेत, माझी मीटिंग असली की दुपारचे थेंब त्या स्वतः घालतात, म्हणजे असं मला वाटत होतं. विचारलं की "हो हो, घातला मगाशी". काल बघते तर तिसऱ्या बाटलीचं सील तसंच!

आणि मग काल रात्रीचा कळस. दोन वाजता पाणी प्यायला उठले तर डोळ्यावर लावायचं प्लास्टिकचं कवच उशीखाली आणि बाईसाहेब त्याच कुशीवर, डोळ्याशी मूठ घेऊन गाढ झोपलेल्या. मी ओरडले. चांगलीच ओरडले. "लहान आहात का तुम्ही?" असं म्हणाले. त्यांनी मुकाट्याने कवच लावून घेतलं आणि सकाळपासून फक्त हो आणि नाही, एवढंच चाललंय.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक, भेटायला येणारा प्रत्येकजण वेगळं सांगतो. एक म्हणतो महिनाभर टीव्ही बंद, दुसरा म्हणतो मान हलवायची नाही, तिसरी म्हणते खाली बघायचंच नाही. यातलं नक्की पाळायचं काय? आणि दुसरं, आवाज न चढवता हे कसं निभवायचं? अजून दुसरा डोळा बाकी आहे हो!

गप्पिष्ट

रुमाल टाकून जागा धरून ठेवते. पुढच्या महिन्यात आमच्याकडे हेच आहे.

तिरपागडा

सासूला सून स्वच्छ दिसायला लागली की काय काय होतं यावर वेगळा धागा काढा. (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या)

मधलीसून

झुळूक, अगदी अगदी. आमच्याकडे गेल्या वर्षी दोन्ही डोळे झाले, दोन्हीत पाच आठवड्यांचं अंतर, म्हणजे जवळजवळ तीन महिने घरात थेंबांचंच वेळापत्रक. पहिल्या डोळ्याला मीपण तुझ्यासारखीच अलार्म लावून मागे मागे फिरायचे. सहाव्या-सातव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमच्या घरात मी "आई" या शब्दापुढे फक्त "नको" एवढाच शब्द बोलतेय, आई नको, आई नको ना, आई नको म्हटलं ना!

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी एक केलं. बाटल्यांना रबरबँड लावले. पहिली बाटली एक रबर, दुसरी दोन, तिसरी तीन. म्हणजे डोळे मिटून हाताला कळतं कुठली ते. आणि मोठ्या कागदावर जाड पेनने चौकटी आखून कपाटाच्या दाराला चिकटवल्या, थेंब घातला की चौकटीत फुली त्यांनीच मारायची. फुली मारायला त्यांना फार आवडायचं. एकदा मी चुकून मारली तर खोडून परत स्वतः मारली.

बादलीचं म्हणशील तर आमच्यात बादलीच भरून ठेवायची नाही असं ठरवलं. रिकामी बादली कोणी उचलत नाही.

शून्यातून

सगळं वाचलं. एक प्रश्न. या अख्ख्या गोष्टीत ज्यांची आई आहे ते चिरंजीव कुठे आहेत?

बिनधास्तबाई

+१. मी हेच लिहायला आले होते. मीटिंग सोडून सुनेने यायचं, रात्री दोनला सुनेने बघायचं, ओरडा खाल्ल्याचं वाईट वाटणार सासूला आणि ओरडल्याचं वाईट वाटणार सुनेला. मधला माणूस झोपलाय वाटतं.

झुळूक

अगं हो हो, थांबा. सकाळी सातचा आणि रात्री साडेनऊचा थेंब तोच घालतो. पण तो थेंब घालताना स्वतःच डोळे मिटून घेतो, त्यामुळे निम्मे गालावर जातात. साबाच म्हणाल्या की याच्यापेक्षा तू घाल. दिवसा तो बाहेर असतो आणि मी घरून काम करते, मग ओघाने माझ्याकडेच येतं. बरोबर की चूक हा वेगळा विषय, सध्या डोळा वाचवूया.

शून्यातून

'ओघाने' हाच तर तो शब्द. असो, धागा भरकटवत नाही.

तिरपागडा

भरकटवलात की. आता पन्नास प्रतिसाद यावर येणार.

रात्रपाळी

डोळ्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून सोळा वर्षं काढलीत म्हणून लिहिते, पण तुमच्या डॉक्टरांनी जे लिहून दिलंय ते माझ्या वर, हे आधी सांगते.

हल्लीच्या फेको ऑपरेशनमध्ये, म्हणजे सूक्ष्म कंपनांनी भिंग फोडून ओढून घेतात त्यात, छेद साधारण तीन मिलिमीटरच्या आत असतो. बहुतेक वेळा टाका घालत नाहीत. छेद असा तिरपा घेतलेला असतो की डोळ्याच्या आतल्या दाबानेच तो मिटून राहतो. म्हणून सगळ्यात वाईट गोष्ट टीव्ही नाही, चोळणं आणि दाबणं. झोपेत मूठ डोळ्यावर जाते ना, त्याचसाठी रात्रीचं कवच. त्यामुळे झुळूक, ओरडलात ते कारणाशिवाय नाही, पद्धत चुकली असेल एवढंच.

टीव्ही बघू दे, मोबाइलही थोडा चालेल. बघण्याने डोळा झिजत नाही, फक्त एकटक बघितलं की कोरडा पडतो आणि खुपायला लागतो, मग हात जातोच तिकडे. मान हलवायची नाही वगैरे काही नाही. पहिले काही दिवस डोकं कमरेच्या खाली जाईल असं वाकायचं नाही आणि जड उचलायचं नाही. म्हणजे पलंगाखाली डोकं घालून चप्पल आणि भरलेली बादली, या दोन्ही वर्ज्य गोष्टी साबांनी बरोब्बर हेरल्यात! नळाचं पाणी डोळ्यात जाऊ द्यायचं नाही, केस धुवायचेच असतील तर मान मागे टाकून दुसऱ्याने धुवून द्यायचे.

आता थेंब. हात धुवायचे. बाटली पांढरट, दुधासारखी असेल तर नीट हलवायची, औषध तळाशी बसलेलं असतं. खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की खोबण होते, थेंब त्यात टाकायचा, बुबुळावर नेम धरायचा नाही, आणि बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लावायचं नाही. एकच थेंब पुरे, जास्तीचा गालावरच येतो. मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने मिनिटभर हलका दाब. दुसऱ्या बाटलीआधी पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर पहिला थेंब धुऊन जातो. घशात कडवट लागलं तर घाबरू नका, डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात अशी वाट असते. स्टेरॉइडचा थेंब बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करायचा नाही, तो डॉक्टर सांगतील तसा हळूहळू कमी करतात.

आणि हे मात्र पाठ करा. दुखणं किंवा लाली कमी व्हायच्या ऐवजी वाढली, दिसायला लागलेलं परत अंधुक झालं, चिकट घाण यायला लागली, डोळ्यात चमका मारल्या, एकदम काळे ठिपके वाढले किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं, तर उद्या बघू म्हणायचं नाही, रात्र असली तरी फोन करायचा. आतल्या जंतुसंसर्गात तासांचा हिशोब असतो.

गप्पिष्ट

रात्रपाळी, हा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीला लावतेय. धन्यवाद!

जुनाचष्मा

मान हलवायची नाही म्हणणाऱ्या पाहुण्यांवर फार चिडू नका. त्यांची माहिती खोटी नाही, जुनी आहे. माझ्या आजीचं ऑपरेशन मला आठवतंय. तेव्हा मोठा छेद घेऊन अख्खं भिंगच बाहेर काढायचे, वर टाके, आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. कितीतरी दिवस आजी छताकडे बघत पडून होती. आणि आत नवीन भिंग नाही, त्यामुळे नंतर तो बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, ज्यात तिचे डोळे बशीएवढे दिसायचे. मी तिच्याजवळ जायला घाबरायचो.

वास्तविक आत भिंग बसवायची कल्पना तशी जुनीच. हॅरल्ड रिडली नावाच्या इंग्रज सर्जनने १९४९ साली लंडनमध्ये पहिल्यांदा बसवलं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लास्टिकचे तुकडे घुसायचे आणि ते डोळा तसेच सहन करून घेतो हे त्याने पाहिलं होतं. आणि १९६७ मध्ये चार्ल्स केलमनने फेको आणलं, त्याला ते सुचलं दाताच्या डॉक्टरकडे, दात साफ करायच्या थरथरत्या यंत्रावरून. पण हे सगळं सरसकट सगळीकडे पोचायला पुढे कितीतरी वर्षं गेली. तेव्हा तुमच्याकडे आलेली ती मंडळी वाळूच्या पिशव्यांच्या काळातलं बोलताहेत.

तिरपागडा

वाळूच्या पिशव्या! झुळूक, उपाय सापडला.

बिनधास्तबाई

हहपुवा (हसून हसून पुरेवाट!)

पेन्सिल

मोतीबिंदूवाल्यांनी कुरकुर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. :) आमच्या साबांचा पडदा सरकला होता, रेटिनाचं ऑपरेशन करून आत गॅसचा बुडबुडा सोडला. बुडबुडा वर चढतो, आणि भोक डोळ्याच्या मागच्या बाजूला, म्हणजे तो तिथे टेकायला हवा तर तोंड खाली. आठवडाभर जागेपणी, झोपेत, सतत खाली. त्यांना फक्त आमचे पाय दिसायचे. कोण आलं ते चपलांवरून ओळखायच्या, आणि अचूक! माझी नणंद नवीन चपला घालून आली तर "या कोण?" म्हणाल्या.

गॅस विरेपर्यंत विमानप्रवास बंद, कारण उंचीवर तो फुगतो आणि डोळ्यातला दाब भलताच वाढतो. हे आम्हाला दोनदा बजावून सांगितलं होतं तरी दीर तिकीट काढून मोकळे झाले होते, ते रद्द करावं लागलं.

करमणूक म्हणून मी जमिनीवर उशी टाकून पालथी झोपायचे आणि त्यांच्याकडे खालून बघत गप्पा मारायचे. लग्नानंतर एवढ्या गप्पा आमच्या कधी झाल्या नव्हत्या. आता उभ्याने परत पूर्वीसारखंच चालू आहे.

सासूच_मी

मी अडुसष्ट वर्षांची. अक्षर मोठं करून टाइप करते आहे, चुका पोटात घाला. माझा एक डोळा चार महिन्यांपूर्वी झाला, दुसरा सहा आठवड्यांपूर्वी. तुम्ही सगळ्या सुना बोलताय म्हणून म्हटलं आपणही बोलावं.

मीसुद्धा थेंबांचं खोटं बोलले आहे. आळस म्हणून नाही. सून कानातलं ते यंत्र काढून, कॉम्प्युटरवरच्या माणसांना थांबा म्हणून धावत येते, थेंब घालते, पाच मिनिटांनी परत येते, परत येते. तिसऱ्या वेळी मला तिच्याकडे बघवत नसे. मग "घातला" म्हणून मोकळी व्हायचे.

दुसरं, एक डोळा झाला आणि दुसरा राहिला की काय होतं ते कोणी सांगत नाही. नव्या डोळ्याला लख्ख आणि जुन्याला धुकं. चष्मा लावावा तर नव्याला चालत नाही, काढावा तर जुन्याला चालत नाही. पायरी आहे त्याच्या वरच वाटते. मी एकदा पेल्यात पाणी ओतलं ते सगळं पेल्याच्या शेजारी. कोणी यायच्या आत पुसून टाकलं. तुमच्या सासूबाई पलंगाखाली डोकं का घालत होत्या? चप्पल दिसत असेल पण नेमकी किती लांब ते कळत नसेल.

कवचाचं सांगते. ते चिकटपट्टीने कातडी ओढतं, घामाने खाज सुटते, आणि रात्री जाग आली की पलंग कुठे संपतो ते समजत नाही. मी पण काढायचे. मग सुनेने कागदी चिकटपट्टी आणली, ती ओढत नाही, तेव्हापासून राहिलं.

"लहान आहात का" मलाही ऐकावं लागलं. शब्दांचं एवढं नाही वाटलं. ते म्हणताना तिने माझ्या हातातून बाटली काढून घेतली, ते लागलं. झुळूक, तू माफीबिफी मागत बसू नकोस, आम्हालाच अवघडल्यासारखं होतं. शेजारी जाऊन बस आणि काय काय दिसतंय ते विचार. "दिसतंय ना?" एवढं सगळे विचारून जातात, डॉक्टरसुद्धा. मला काय दिसलं माहीत आहे? आमच्या खोलीतला पडदा. इतकी वर्षं मी त्याला राखाडी म्हणत होते, तो निळा निघाला.

मधलीसून

सासूच_मी काकू, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. कागदी चिकटपट्टी उद्याच सगळ्यांना सांगते.

जुनाचष्मा

निळ्याचं अगदी खरं. पिकलेलं भिंग पिवळट तपकिरी असतं, निळा रंग गाळून टाकतं. चित्रकार क्लोद मोने, त्याचं १९२३ साली मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नंतर रंग विचित्र दिसतात म्हणून तो वैतागला होता. आयुष्य रंगात काढलेला माणूस, त्याची ही गत, तर पडद्याचं काय घेऊन बसलात.

शून्यातून

काकू, तुमच्याकडे रात्रीचे थेंब कोण घालायचं? (धागा भरकटवत नाही, सहज विचारतोय.)

सासूच_मी

मुलगा. मोबाइल बघत घालायचा. दोनदा त्याच्या मीच बोटावर मारलं.

रात्रपाळी

झुळूक, काकूंच्या प्रतिसादावरून एक डोक्यात आलं. साबांनी समोरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचल्या म्हणजे भिंग लांबच्या नंबरचं बसवलेलं दिसतंय, बहुतेकांना तेच बसवतात. मग त्या डोळ्याला जवळचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लागणारच, आणि तो नंबर डोळा स्थिरावल्यावर, म्हणजे साधारण महिना-दीड महिन्याने काढतात. जुना चष्मा आता उपयोगाचा नाही. तर मला शंका अशी येते की त्यांना बाटलीवरचं नाव वाचताच येत नसेल. तीन सारख्या पांढऱ्या बाटल्या, कुठली कुठली हे कळत नाही आणि विचारायचं कोणाला, तू मीटिंगमध्ये. एकदा विचारून बघ.

झुळूक

दोन दिवस फिरकले नाही, सॉरी.

रात्रपाळी, पैकीच्या पैकी! काकूंनी सांगितलं तसं जाऊन बसले. काय विचारू कळेना, शेवटी "आई, काय काय दिसतं आता?" असंच बावळटासारखं विचारलं. बराच वेळ काही नाही. मग दाराची चौकट किती घाण झाली आहे ते सांगितलं (तिरपागडा, हसू नका), मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू चष्मा कधी बदललास?" मी हा चष्मा घेऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं रोज समोर आहे मी त्यांच्या.

मग बाटल्या हातात दिल्या आणि म्हटलं यातली हलवायची कुठली? लांब धरली, जवळ धरली, मान तिरकी केली आणि सरळ म्हणाल्या, "मला नाही कळत गं. एकच बाटली कळते, तिचं टोपण निराळं आहे, तीच घालते तिन्ही वेळा." म्हणजे सहा दिवस दुपारी एकच औषध तीन वेळा! मला घाम फुटला. लगेच फोन केला, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावून तपासलं, डोळ्याचा दाबही मोजला, सगळं ठीक आहे, पण आम्हा दोघींना बोलणी बसली. यावेळी दोघी एकाच बाकावर होतो, ते बरं वाटलं.

मधलीसून, रबरबँड लागले. कपाटावर तक्ता लागला. केस मी मान मागे टाकून धुवून दिले, बेसिनला टेकून, तेव्हा त्यांनी डोळा मिटून मला सगळ्या पाहुण्यांची नक्कल करून दाखवली.

तिरपागडा

चौकटीवर मी काहीही बोललेलो नाही याची नोंद घ्यावी.

पेन्सिल

मस्तच झुळूक. दुसरा डोळा कधी?

झुळूक

अजून महिना आहे. त्यावेळी बाटल्या त्या स्वतः लावणार आहेत म्हणे, आणि रात्रीच्या थेंबाचं ट्रेनिंग मुलाला देणार आहेत. शून्यातून, ऐकताय ना?

शून्यातून

ऐकतोय. प्रगती कळवत राहा.

गप्पिष्ट

एक शंका राहिली, बाटली फोडल्यावर किती दिवस वापरायची?

रात्रपाळी

बऱ्याचशा बाटल्या फोडल्यावर महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात, खोक्यावर लिहिलेलं असतं. फोडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहून ठेव, आणि पहिल्या डोळ्याची उरलेली दुसऱ्याला वापरू नकोस.

झुळूक

साडेनऊ झाले. साबा तीन रबरवाली बाटली हलवत दारात उभ्या आहेत, आणि नवरा 'पाच मिनिटं मोजतोय' म्हणता म्हणता सोफ्यावर झोपलाय. येतेच.